कोकणाचा नकाशा आडवा वाचा

(दृश्य: पहाटेचा फोंडाघाट. भाजीच्या क्रेटांनी भरलेला टेम्पो एकेक वळण घेत खाली उतरतोय.)

हा टेम्पो रात्री कोल्हापूरहून निघाला. राधानगरी मागे पडली, घाट उतरला की कणकवली. कोबी, टोमॅटो, कोथिंबीर, अंडी... तळकोकणातल्या बाजारात यातलं बरंच काही असंच घाटावरून येतं.

मुंबईतल्या कंपनीच्या ऑफिसात मात्र कोकणाचा नकाशा उभा टांगलेला असतो. वर पालघर, खाली सावंतवाडी, मधून महामार्गाची रेघ. त्या रेघेवर एक माणूस नेमला की कोकण झालं, असं धरून धंदा आखणाऱ्यांना इथे मार बसतो. कारण माल इथे आडवा चालतो. चिपळूणला कुंभार्ली घाटातून कराड, रत्नागिरीला आंबा घाटातून कोल्हापूर, माणगावला ताम्हिणीतून पुणे, सावंतवाडीला आंबोलीतून बेळगाव. बांद्याच्या दुकानदाराला तर गोवा हाकेच्या अंतरावर. गोदाम कुठे घ्यायचं, हे जिल्हा बघून ठरवू नये. घाट बघून ठरवावं.

(दृश्य: उरणच्या रस्त्यावर कंटेनरची रांग.)

वाढ सगळीकडे आहे, पण तिचा वेग आणि जात वेगळी. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आला, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. उरण-पनवेलला आज झगडा आहे तो जमिनीचा आणि माणसांचा. शिकवलेला कामगार शेजारच्या गेटात जातो. दक्षिणेला, सिंधुदुर्गात, १९९७ मध्ये पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळालेल्या भागात, घरातली तरुण माणसं मुंबईला आणि हातात पैसा येतो तो हंगामाला. या दोन ठिकाणी पगाराचं, उधारीचं आणि जाहिरातीचं एकच धोरण चालेल कसं?

(दृश्य: बंदरावर ओढून ठेवलेल्या, झापांनी शाकारलेल्या होड्या.)

इथलं व्यापारी वर्ष मार्चअखेरीवर चालत नाही. मे महिन्यात आगोटीची खरेदी होते. पावसाळ्याची बेगमी एकदम भरली जाते, कारण जुलैत दरड कोसळली की घाट बंद. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा दुकानांतला भरलेला मालच गेला. तेव्हा साठा कधी करायचा याबरोबर तो किती उंचावर ठेवायचा, हाही धोरणाचाच भाग. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत मच्छीमाराच्या घरी दरमहा सारखा हप्ता मागणारी कर्जकंपनी स्वतःच थकबाकी तयार करते. हप्ता ऑक्टोबर ते मे असा बांधला, तर तोच माणूस चोख फेडतो. मग गणपती. चाकरमानी गावाला येतात, घराला रंग लागतो, फ्रीज-मिक्सर घेतला जातो. पण नेमक्या त्याच दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी येते. माल त्याआधी कुडाळात उतरलेला नसेल, तर हंगाम गेला.

(दृश्य: वेंगुर्ले तालुक्यातला काजू कारखाना. पायाने दाबायच्या कटरवर बसलेल्या बायका.)

हातांकडे बघा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बोटांना आधी तेल चोळलेलं असतं. वाफवलेली बी पात्यात धरायची, पायाने दांडा दाबायचा, गर अख्खा निघाला पाहिजे. अख्ख्याला एक भाव, पाकळीला दुसरा, तुकड्याला तिसरा. साधारण ४ किलो बीतून १ किलो गर. पण मालकाची खरी कसोटी या पात्यावर नाही. बी मिळते मार्च ते मे, कारखाना चालवायचा बारा महिने. म्हणजे वर्षभराचा कच्चा माल तीन महिन्यांत रोखीने उचलायचा आणि व्याज भरत बसायचं. ज्याला हे जमत नाही, तो आफ्रिकेतून आलेली बी घेतो. मोठ्या कंपनीने इथे यायचं असेल तर यंत्र नंतर आणावं, आधी त्या तीन महिन्यांचं भांडवल आणावं. माझ्या मते कोकणातल्या छोट्या उद्योगाला याहून मोठी मदत नाही.

गुणवत्तेची तपासणी, ब्रँड, बिलाची शिस्त हे मुख्य कार्यालयाने आपल्या हातात घट्ट ठेवावं. साठा, उधारी आणि विक्रीच्या सवलत-योजनेची तारीख मात्र कुडाळच्या, चिपळूणच्या माणसावर सोडावी. फोन करून परवानगी येईपर्यंत घाट बंद झालेला असतो.

(दृश्य: देवगडच्या बागेत झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवला जातोय.)

ही विविधता म्हणजे नुसती डोकेदुखी नाही. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पाच जिल्ह्यांना मिळून. पण आंबा सगळीकडे एकाच वेळी तयार होत नाही. देवगडचा आधी येतो, मग रत्नागिरीचा, रायगडचा सगळ्यांत शेवटी. फक्त देवगडवर विसंबलेल्या कॅनिंगवाल्याला मोजकेच आठवडे मिळतात. ज्याने देवगडपासून अलिबागपर्यंत बागायतदार जोडले, खरेदीची माणसं हंगामाबरोबर उत्तरेला सरकवली, त्याचा कारखाना पाऊस लागेपर्यंत चालतो. एका बागेत मोहोर गळला तरी त्याची सगळी भट्टी थंड पडत नाही.