इनटेक निवडताना: रस्त्यावर कायदेशीर आणि ऑटोक्रॉसला चालेल अशा गाडीसाठी

मंडळी, इनटेकचा, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या मार्गाचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या कंपनीचा घेऊ? तो प्रश्न शेवटी ठेवा. आधी आपल्या गाडीत हवा कुठे अडते हे मोजा. मी टर्बो नसलेलं १२०० सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन धरून बोलतो, कारण मुंबईत आठवडाभर ऑफिसला आणि रविवारी ऑटोक्रॉसला (आखलेल्या वळणदार मार्गावर वेळ मोजून होणारी स्पर्धा) जाणारी गाडी बहुधा त्याच गटातली असते.

हे इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा आपली पूर्ण क्षमता ओढतं. सिलिंडर नव्वद टक्के भरतात असं धरलं तर सेकंदाला साधारण ५४ लिटर हवा लागते. आतला व्यास ६० मिलिमीटर असलेल्या पाइपातून ती सरासरी १९ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते. या वेगामागची सगळी ऊर्जा एखाद्या वाईट वळणात वाया गेली, तरी तोटा होतो पाण्याच्या २१ मिलिमीटर उंचीएवढा. थ्रॉटलआधी (थ्रॉटल म्हणजे पेडल दाबलं की उघडणारी हवेची झडप) १०० मिलिमीटर पाण्याएवढा दाब गेला की ताकद ढोबळमानाने एक टक्का घटते. म्हणजे ते वाईट वळण ८० बीएचपीच्या गाडीत पाव बीएचपीसुद्धा खात नाही. या इंजिनाला ७५ मिलिमीटरचा चकचकीत पाइप लावून काय मिळणार, याचं उत्तर इथेच मिळतं. आवाज मिळतो. आवाज हवा असेल तर तसं म्हणा, पण त्याला अपग्रेड म्हणू नका.

आता मोजायचं कसं ते. क्रॉफर्ड मार्केटला मत्स्यालयाच्या दुकानांत मिळते ती पारदर्शक बारीक नळी घ्या. साठ सेंटिमीटरच्या दोन उभ्या बाजू राहतील असा तिचा यू आकार करून पट्टीवर बांधा आणि निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक हवेला उघडं, दुसरं इनटेकच्या पाइपात. मूळ पाइपाला भोक पाडू नका. कुर्ल्याला जुन्या स्पेअरमध्ये तसाच पाइप शोधा, त्याला ५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि मोजून झालं की मूळ पाइप परत बसवा. इंजिन आणि यू नळी यांच्यामध्ये रिकामी बाटली जोडायला विसरू नका. दाब अंदाजापेक्षा जास्त निघाला तर रंगीत पाणी बाटलीत साचतं, इंजिनात जात नाही. मग बंद मैदानात किंवा डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या आणि शेजारी बसणाऱ्याला ६००० आरपीएमला दोन पातळ्यांतला फरक वाचायला सांगा. पाणी हिंदकळत असेल तर नळीला हलका चिमटा लावा, सरासरी स्थिर दिसते.

हे तीन जागी करायचं: फिल्टरच्या आधी, फिल्टरनंतर आणि थ्रॉटलच्या तोंडाशी. समजा आकडे १३०, १७० आणि २३० मिलिमीटर आले. मग फिल्टरचा वाटा फक्त ४०. जगातला सर्वांत मोकळा फिल्टर लावला आणि तो निम्मा झाला, तरी फायदा ०.२ टक्का. खरा अडथळा आहे स्नॉर्कलमध्ये, म्हणजे फिल्टर बॉक्सच्या तोंडाशी. तिथे कधी कधी निव्वळ आवाज कमी करायला अरुंद केलेला भाग असतो. कधी मात्र तो रेझोनेटर, म्हणजे हवेच्या लहरी जुळवणारी पोकळी, असतो. तो काढला तर मधल्या आरपीएमला टॉर्कमध्ये (ओढण्याच्या जोरात) खड्डा पडू शकतो, आणि ऑटोक्रॉसमध्ये गाडी ३००० ते ५५०० मध्येच जगते. वरच्या टोकाला दोन बीएचपी कमावून वळणातून बाहेर पडताना गमावले तर वेळ वाढतो.

दाबापेक्षा तापमान जास्त महाग पडतं. हवेची घनता केल्व्हिन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. बाहेर ३३ अंश आणि बोनेटखाली ६५ अंश असेल तर शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर जी हवा ओढतो ती साडेनऊ टक्के विरळ. ०.२ टक्का कमवायला साडेनऊ टक्के घालवायचे, असा हा सौदा. गाडी वेगात असताना फरक कमी होतो, हे खरं. पण ऑटोक्रॉसची गाडी रांगेत उभी राहून तापते आणि त्यानंतर मिनिटभर पळते. तिच्यासाठी वाईट परिस्थिती हीच नेहमीची परिस्थिती. शिवाय तापलेल्या धातूच्या पाइपात बसवलेला तापमान सेन्सर हवेपेक्षा जास्त आकडा सांगतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो.

धूळ हा आपल्याकडचा खास मुद्दा. अमेरिकेत ऑटोक्रॉस डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानावर, शंकूंमधून होतो. तिथल्या लोकांनी लिहिलेले फिल्टरचे सल्ले त्या हवेसाठी असतात. आपल्याकडे बऱ्याच स्पर्धा मातीवर होतात. पुढच्या गाडीने उडवलेली सिलिकाची बारीक धूळ सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टन रिंगा खाते. चांगला कागदी फिल्टर ती सर्वांत विश्वासाने अडवतो. तेल लावलेला सुती फिल्टर वापरायचाच असेल तर तेल मोजून लावा; कमी लावलं तर धूळ सुटते, जास्त लावलं तर एमएएफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) तारेवर थर बसतो. आणि फिल्टर कुठलाही असो, बॉक्सचं रबर सील नीट बसलं नाही तर सगळं व्यर्थ. बॉक्स बंद करण्याआधी कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवा. स्पर्धेनंतर फिल्टरनंतरच्या स्वच्छ बाजूला पांढरा कपडा फिरवून बघा. धूळ आली तर फट शोधा.

मुंबईत चौथा शत्रू पाणी. बंपरच्या खाली तोंड असलेला कोल्ड एअर इनटेक खरोखर गार हवा देतो. जुलैत हिंदमाता किंवा मिलन सबवेला तो पाणीही देतो. हिशेब सोपा आहे: १२०० सीसीचा एक सिलिंडर ३०० सीसी, कॉम्प्रेशन ११:१, म्हणजे पिस्टन वर आला की उरलेली जागा ३० मिलिलीटर. दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विम्यात हे बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. आणि न कळवलेला बदल दिसला की तेही वादात सापडतं. इनटेकचं तोंड हेडलाइटच्या मागे, मूळ उंचीवरच राहू द्या.

कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरचे तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. कलम १९० धूर, आवाज आणि सुरक्षेच्या मानकांबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पॅकिंगवरचा कॅलिफोर्नियाचा ईओ (तिथल्या प्रदूषण नियंत्रकांच्या मंजुरीचा) क्रमांक तिथल्या ठरावीक मॉडेलांपुरता असतो, आरटीओपुढे तो दाखवून उपयोग नाही.

पीयूसीत बीएस-फोर आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्का आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएम ही मर्यादा. २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ टक्का आणि लॅम्डा (हवा आणि इंधनाचं प्रमाण) ०.९७ ते १.०३. पण पीयूसी पास म्हणजे सगळं कायदेशीर, असं समजू नका. क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या पेटीतले) वायू इनटेकमध्ये परत नेणारा ब्रीदर पाइप काढून व्हॉल्व्ह कव्हरवर छोटा फिल्टर बसवण्याची फॅशन आहे. सायलेन्सरमध्ये घातलेल्या नळीला हे दिसणारही नाही, पण मान्यता चाचणीत क्रँककेसचे वायू बाहेर सोडायला परवानगीच नाही. ब्रीदर जिथे होता तिथेच जोडा. चारकोल कॅनिस्टरच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या डब्याच्या) पर्ज नळीलाही हात लावू नका.

बदल केल्यावर ओबीडी रीडर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) लावा. एमएएफची गाडी असेल तर सेन्सरच्या जागचा व्यास ६० चा ६५ करताच क्षेत्रफळ १७ टक्के वाढतं, सेन्सर सुमारे १५ टक्के हवा कमी मोजतो आणि मिश्रण पातळ होतं. ईसीयू फ्युएल ट्रिमने (इंधन कमी-जास्त करून) भरपाई करतो, पण पूर्ण थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती सहसा चालत नाही; तिथे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) येऊ शकतं. लाँग टर्म ट्रिम पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, दहाच्या पुढे गेला तर बदल काढा. मॅप सेन्सरच्या गाडीत ही भानगड कमी, कारण हवा मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलनंतरच्या नळ्यांच्या) दाबावरून मोजली जाते. मोठी थ्रॉटल बॉडी या इंजिनाला नको. पेडल जरा दाबलं की जास्त उघडते, म्हणून गाडी चपळ वाटते, एवढंच.

टर्बो गाडीत एक गोष्ट वेगळी: कॉम्प्रेसरआधी (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या पंख्याआधी) गेलेला दाब बूस्टच्या पटीत महागतो, म्हणून तिथे स्नॉर्कल मोकळा करण्याला अर्थ आहे. मात्र सिलिकॉन होज तार घातलेला घ्या, साधा होज ओढीने आत बसतो.

माझी निवड विचाराल तर: मूळ बॉक्स, नवा कागदी फिल्टर, नीट बसलेलं सील, मोजणीत अडथळा निघालाच तर स्नॉर्कलपुरता बदल, आणि बॉक्स व एक्झॉस्टच्या मध्ये उष्णतारोधक पत्रा. हे बदलही आयोजकांच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स (त्या स्पर्धेचे नियम) वाचून, नाहीतर स्टॉक (न बदललेल्या गाड्यांच्या) वर्गातून मॉडिफाइडमध्ये ढकलले जाल. उरलेले पैसे टायरवर. दोन रनच्या मध्ये बोनेट उघडा ठेवा आणि रीडरवर इनटेकचं तापमान बघत राहा. बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांच्या आत आलं की रांगेत लागा.