दोन डॉलर तेरा सेंट

(टेक्सास. हायवेलगतचं एक डायनर. सोमवार, दुपारचे तीन.)

जेवणाची गर्दी ओसरली आहे. दोनच टेबलांवर माणसं आहेत. वेट्रेस मात्र बसलेली नाही. ती मिठाच्या बाटल्या भरते, केचपच्या बाटल्यांची तोंडं पुसते, काटे-चमचे कागदी रुमालात गुंडाळून रचून ठेवते. ही संध्याकाळच्या गिऱ्हाइकांची तयारी. या कामाची टिप द्यायला समोर कुणी नाही. या तासाचे मालकाने तिला द्यायचे आहेत दोन डॉलर तेरा सेंट.

हा दर १ एप्रिल १९९१ पासूनचा. त्या वर्षी जन्मलेली मुलं आज आपल्या मुलांना घेऊन या डायनरमध्ये जेवायला येतात. दर तोच आहे.

(बिलाचं पाकीट. शेजारी चष्मा, पेन.)

अमेरिकेत लेकाकडे गेलेले आपले आईवडील पहिल्याच आठवड्यात या कागदापाशी अडतात. "बिल दिलं ना? मग वर हे वीस टक्के कशाला?" मुलगा समजावतो, "बाबा, इथे द्यावेच लागतात. त्यांचा पगारच त्यावर असतो." बाबांच्या डोळ्यांसमोर असते बडीशेपेच्या बशीत खुशीने ठेवलेली नोट. मुलाचं म्हणणं चूक नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कायद्यात लिहिलेलं आहे, आणि रोज टिप देणाऱ्या कितीतरी लोकांना ते ठाऊक नसतं.

तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. तेही २००९ च्या जुलैपासून हललेलं नाही. पण ज्याला महिन्याला ३० डॉलरहून जास्त टिप नेहमी मिळते, अशा कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून २.१३ दिले तरी चालतं. मधले ५.१२ डॉलर टिपेतून भरून निघाले असं धरायचं. या सवलतीचं नाव 'टिप क्रेडिट'. सवलत मालकाला आहे. तुम्ही टेबलावर ठेवलेल्या पैशांतले तासाचे पहिले पाच डॉलर बारा सेंट पडतात वेट्रेसच्याच हातात, पण तेवढाच पगार मालकाचा वाचतो. तिची खरी वरकमाई सुरू होते ती त्यानंतर.

(जुनी छायाचित्रं. आगगाडीचा डबा, गणवेशातला पोर्टर.)

बक्षिसीवर माणूस राबवण्याची ही रीत जुनी आहे. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने संपली, आणि १८६० च्या दशकातच पुलमन कंपनीचे झोपायची सोय असलेले डबे अमेरिकेच्या रुळांवर धावू लागले. अंथरुणं घालायला, बूट पुसायला, सामान चढवायला कंपनीने मुद्दाम कृष्णवर्णीय पुरुष नेमले. सुरुवातीचे कित्येक जण नुकतेच गुलामीतून सुटलेले. पगार तुटपुंजा, बाकी पोट प्रवाशांच्या मर्जीवर. प्रवासी त्यांना 'जॉर्ज' अशी हाक मारत. त्यांच्यापैकी कुणाचं नाव काहीही असो, कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज होतं. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखायची सवय अजून गेलेली नव्हती. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांनी संघटना उभी केली. कंपनीने करारावर सही केली १९३७ मध्ये. बारा वर्षं लागली.

पुढच्याच वर्षी देशभरासाठी किमान वेतनाचा कायदा आला, तासाला २५ सेंट. हॉटेलांतले आणि रेस्टॉरंटमधले कामगार त्यात नव्हतेच. त्यांना आत घ्यायला १९६६ उजाडलं, आणि घेताना मालकांना सवलत दिली की किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम टिपेतून धरा. निदान किमान वेतन वाढलं की यांचाही दर वाढायचा. १९९६ मध्ये ती दोरीही कापली. किमान वेतन वाढवलं आणि टिपवाल्यांचा दर २.१३ वरच गोठवला.

(वहीचं पान. पेन्सिलीने मांडलेला हिशोब.)

आता कायदा कामगाराला काय देतो ते पाहू, कारण देतो बरंच.

समजा, आपल्या वेट्रेसने आठवड्यात ४० तास काम केलं. २.१३ प्रमाणे मालकाचे झाले ८५.२० डॉलर. ७.२५ प्रमाणे व्हायला हवेत २९०. पाऊस लागला, गिऱ्हाईक आलं नाही, टिप जमली १५० डॉलर. बेरीज २३५.२०. उरलेले ५४.८० मालकाने भरायचे. ही मेहेरबानी नाही, कायद्याने त्याच्यावर टाकलेलं देणं आहे. हिशोब आठवड्याचा होतो, त्यामुळे शनिवारची भरघोस टिप सोमवारच्या कोरड्या दुपारीही वाटली जाते.

कागदावर चोख. पण हा फरक मागायचा कुणी? तिनेच. कुणाकडे? पुढच्या आठवड्यात शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ कुणाला आणि मंगळवारची सकाळ कुणाला हे जो ठरवतो, त्याच्याकडे. मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत जास्त खटकतं ते हेच. ५५ डॉलर मागायला गेलेल्या बाईची शनिवार रात्र गेली, तर तिचं नुकसान त्याहून मोठं. कायदा अशा सूडालाही मनाई करतो. पण ड्युटी बदलली ती सूड म्हणून, हे सिद्ध करणं सोपं नसतं.

गिऱ्हाईक बिल न देता पळालं, ताट फुटलं, गल्ल्यात पैसे कमी भरले, तर ते २.१३ वाल्याच्या पगारातून कापता येत नाहीत, कारण त्याच्या पगारात कापायला जागाच नसते. टिप क्रेडिट घेणार हे मालकाने आधी सांगायला हवं. सांगितलं नसेल तर पूर्ण ७.२५ द्यावे लागतात. ओव्हरटाइममध्ये एक चलाखी चालते. २.१३ ची दीडपट करून ३.२० हातावर ठेवतात. दीडपट करायची ती ७.२५ ची. त्यातून ५.१२ वजा केले की तासाला ५.७६ येतात.

आणि टिप कुणाची? तिची. सगळ्यांची टिप एकत्र करून वाटण्याची पद्धत चालते, पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर मालक, मॅनेजर किंवा सुपरवायझर यांनी त्यातला वाटा घेणं साफ बेकायदा आहे. घेतला तर तेवढी रक्कम परत, शिवाय तेवढीच भरपाई.

एक गोष्ट मात्र आपल्या माणसांनी लक्षात ठेवावी. मोठा घोळका जेवायला गेला की बऱ्याच ठिकाणी बिलात आपोआप 'सर्व्हिस चार्ज' लागतो. केंद्रीय कायद्याच्या लेखी ती टिप नव्हे, ते रेस्टॉरंटचं उत्पन्न. त्यातलं वाढणाऱ्याला किती मिळतं, हे त्यालाच हळूच विचारावं.

(नकाशा. सात राज्यं उजळतात.)

कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना, अलास्का. या सात राज्यांत टिप क्रेडिट नाही. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वेट्रेसचा दर तासाला १६.५० डॉलर होता, टिप वेगळी. न्यू जर्सीत त्याच वर्षी मालकाचे ५.६२. टेक्सासमध्ये तेच दोन डॉलर तेरा सेंट.

सवलत काढून टाका म्हटलं की सगळेच वेटर टाळ्या वाजवतात असंही नाही. मोठ्या शहरातल्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये एका रात्रीत भरपूर टिप कमावणाऱ्यांना भीती वाटते, की पगार वाढला तर गिऱ्हाईक हात आखडेल. २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी हा प्रस्ताव फेटाळला. राजधानी वॉशिंग्टन डीसीत मतदारांनी तो २०१८ मध्ये मंजूर केला, तिथल्या नगर कौन्सिलने रद्द केला. २०२२ मध्ये पुन्हा मंजूर झाला, २०२५ मध्ये कौन्सिलने त्याची गती कमी केली. ती भीती मी खोटी म्हणणार नाही. पण हायवेवरच्या या डायनरमध्ये सोमवारी दुपारी तीन वाजता त्या भीतीला काही अर्थ उरत नाही.

(पुन्हा डायनर. रात्र. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या.)

थकलेल्या मजुरीची तक्रार श्रम विभागाच्या वेतन व तास कार्यालयात करता येते, फुकट, नाव गुप्त ठेवून. त्या देशात राहण्याची कागदपत्रं नसली तरी केलेल्या कामाचं किमान वेतन मिळण्याचा हक्क जात नाही. मुदत दोन वर्षांची. मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर तीन. मालकाने नोंदी ठेवल्या नसतील, तर कामगाराने स्वतः लिहिलेली वही पुरावा म्हणून कामी येते.

म्हणून ती निघण्याआधी काउंटरपाशी उभी राहून लिहिते. तारीख. आली अकराला, निघाली साडेनऊला. टिप, एकोणीस डॉलर.