अनुमापनातून आम्लाचं बळ का कळत नाही?

समोर दोन शंकुपात्रं आहेत. दोन्हींत २५ मिलि द्रावण, दोन्ही ०.१ मोलर. एकात हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात असेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं. अनुमापनासाठी ब्युरेटमधून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलात, तर फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग दोन्हींत २५ मिलिच्या आसपासच टिकतो. पण आधी सामू (pH) मोजला, तर पहिल्याचा १ च्या जवळपास येतो आणि दुसऱ्याचा २.९. हायड्रोजन आयनांत पाऊणशे पटींचा फरक, आणि अनुमापनाला त्याचा पत्ताच नाही!

कारण असं की असेटिक आम्लाच्या शंभर रेणूंतला जेमतेम एखादाच विचरित झालेला, म्हणजे आयनांत फुटलेला असतो. अल्काने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने, त्याचा हायड्रोजन आयन उचलला की समतोल ढळतो आणि दुसरा रेणू फुटतो, मग तिसरा. शेवटी सगळेच मोजले जातात. आम्ल किती आहे ते कळतं, बळ कळत नाही. ते हवं असेल तर समतोलाला धक्का न लावता मोजावं लागतं.

ही वाट विजेने दाखवली. द्रावणातून वीज वाहून नेतात ते आयन. न फुटलेला रेणू नेत नाही. एकदिश प्रवाहाने इलेक्ट्रोडपाशी रासायनिक बदल होतात आणि मोजमाप बिघडतं, म्हणून जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रिडरिख कोलराउशने प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह वापरला. पण खरी अडचण पुढेच होती. ‘इतके टक्के फुटले’ म्हणायचं तर सगळे फुटल्यावर वाहकता किती असेल, ते माहीत हवं. असेटिक आम्ल कितीही विरल करा, वाहकतेचा आलेख शेवटी इतका उभा चढतो की तो शून्य संहतीपर्यंत (द्रावणातलं प्रमाण शून्य होईपर्यंत) वाढवून आकडा काढणं भरवशाचं नाही. कोलराउशच्या नियमाने यातून फार सुंदर सुटका होते. अतिविरल द्रावणात प्रत्येक आयन आपापला वाटा स्वतंत्रपणे देतो. म्हणून मोलर वाहकतेचे (दर मोलमागची वाहकता, एकक S·cm²/mol) आकडे घ्या: हायड्रोक्लोरिक आम्लाचे ४२६.२ घ्या, सोडियम असेटेटचे ९१.० मिळवा, मिठाचे १२६.५ वजा करा. उरले ३९०.७. ज्या अवस्थेत ते आम्ल कधी हाती लागत नाही, तिथला हा आकडा, आणि तो मिळतो पूर्ण विचरित होणाऱ्या तीन पदार्थांकडून. हे सगळं २५ अंश सेल्सिअसला, बरं का. तापमान न सांगता दिलेला आकडा मी तरी स्वीकारत नाही.

आता ०.१ मोलर असेटिक आम्लाची मोलर वाहकता सुमारे ५.२ भरते. भागाकार करा: १.३ टक्के. पाणी घालून दहापट विरल करा, मोलर वाहकता १६.२ होते आणि विचरण ४.१ टक्क्यांवर जातं. मग बळ वाढलं का? नाही. विल्हेल्म ओस्टवाल्डने १८८८ मध्ये मांडलेल्या विरलन नियमात दोन्ही आकडे घालून पाहा: विचरित अंशाचा वर्ग गुणिले संहती, भागिले न फुटलेला अंश. दोन्ही वेळा उत्तर १.८ × १०⁻⁵. टक्के बदलले, स्थिरांक जागचा हलला नाही. बळ म्हणतात ते या स्थिरांकाला.

आणि बळ म्हणजे घातकपणा नव्हे. हायड्रोफ्लोरिक आम्ल या मोजमापात सौम्यच ठरतं, तरी काच खातं आणि कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं.

शाळा-कॉलेजात सोपी रीत आहे. त्याच अनुमापनात १२.५ मिलिवर थांबा. निम्मं आम्ल असेटेट झालेलं असतं, निम्मं तसंच. दोघांचं गुणोत्तर एक, म्हणून तिथला सामू हाच pKa, म्हणजे त्याच स्थिरांकाचा ऋण लॉगरिदम. मीटर ४.७ च्या आसपास दाखवेल, पुस्तकात ४.७६ आहे.

हा थोडासा फरक, किंवा १.८ आणि पुस्तकातल्या १.७५ मधला, पाहून मुलं वहीतला आकडा खोडतात. खोडू नका. आयन एकमेकांना ओढतात, म्हणून द्रावणात त्यांचा प्रभाव त्यांच्या संख्येइतका पडत नाही. १९२३ मध्ये डिबाय आणि ह्यूकेल यांनी हे गणितात बसवलं. ती दुरुस्ती करून १९३२ मध्ये मॅकइनिस आणि शेडलोव्स्की यांनी वाहकतेवरून १.७५ × १०⁻⁵ काढलं. त्याच सुमारास हार्नेड आणि एहलर्स हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या घटाचं विभव मोजत होते. त्यांचंही उत्तर १.७५ × १०⁻⁵ आलं.