फांद्यांचा वाफा, मुंबईच्या पावसासाठी

मंडळी, पावसाळ्याआधीची छाटणी सुरू झाली की गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांच्या फांद्या सोसायट्यांच्या फाटकाशी ढिगाने पडतात. त्या वाफ्यात घालायच्या तर मे महिन्यातच घाला, म्हणजे पावसाळाभर लाकडाला ओल मिळते. लाकडासाठी झाड मात्र तोडू नका. 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार त्याला परवानगी लागते, आणि छाटलेल्या फांद्याच आपल्याला पुरून उरतात.

तळाला लाकूड, वर पाला, शेणखत, माती ही पद्धत जर्मनी-ऑस्ट्रियात हुगलकल्चर या नावाने रुळली आहे. ऑस्ट्रियाचे शेतकरी झेप होल्त्सर दीड मीटर उंचीचे, खड्या उताराचे ढीग करतात. ते जसेच्या तसे इथे करू नयेत. मुंबईत जून ते सप्टेंबर 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. उभ्या उताराची माती जुलैतल्या एका रात्रीत गटारात जाईल. आपला वाफा बुटका हवा आणि त्याला कडा हवी.

आठ फूट लांबी, चार फूट रुंदी पुरे. याहून रुंद केलात तर मध्यापर्यंत हात पोचत नाही, वाफ्यात पाय द्यावा लागतो आणि थर दबतात. आधी फूटभर खोल लहान खड्डा काढून त्यात बादलीभर पाणी ओता. दोन-तीन तासांत जिरलं तर पूर्ण वाफा फूटभर खणा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, आणि डेब्रिज दाबलेल्या भरावाच्या जमिनीत ते दिसतंच, तर न खणता जमिनीवरच वाफा उभारा. साचलेल्या पाण्यात हवा पोचत नाही. आतला माल सडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.

तळाला मनगटापासून मांडीएवढ्या जाडीचे ओंडके आडवे टाका. आंबा, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष उत्तम. सागवान लवकर कुजत नाही. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड अजिबात नको. शेवगा, पांगारा, गिरीपुष्प ओलं पुरलं तर फुटतं, म्हणून ते तीन-चार आठवडे उन्हात वाळवून घ्या.

या वाफ्यात खरं काम लाकूड रचण्याचं नाही, फटी बुजवण्याचं आहे. पोकळी राहिली की तिथे घूस बीळ करते, वरची माती आत ढासळते आणि रोपांची मुळं अधांतरी लोंबतात. म्हणून ओंडक्यांचा एकेक थर झाला की लगेच शेणकाला ओता: एक घमेलं ताजं शेण, दोन बादल्या पाणी. मग खणून काढलेली माती, काटक्या, ओला पाला फटींत हाताने सारा, बांबूने कोंबा, पुन्हा पाणी मारा. पहारीचं टोक जागोजागी टेकवून दाबून पाहा. भसकन आत गेलं तर तिथे पोकळी आहे. तेवढा भाग उकरून परत भरा. दोन माणसांची अर्धी सकाळ यात जाते, ती जाऊ द्या.

दुसरा घोटाळा नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण 25 ते 30 भाग कार्बनमागे एक भाग नत्र लागतं. लाकडात कार्बन नत्राच्या शेकडो पट असतो, त्यामुळे कमी पडलेलं नत्र ते मातीतून ओढतात. रोपाची खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली तर हेच समजा. उपाय आधीच करायचा: लाकडावर अर्धा फूट हिरवा माल, म्हणजे गवत, गिरीपुष्पाचा पाला, भाजीबाजारातली कोबीची पानं, मेथीच्या काड्या. त्यावर तीन इंच शेणखत. रसवंतीवाल्याकडचा उसाचा चोथा चालतो, पण त्यातही कार्बनच जास्त, शिवाय साखरेमुळे मुंग्या लागतात. तो रात्रभर भिजवा, निथळा आणि तेवढ्याच शेणात कालवून घाला. निर्माल्य घालणार असाल तर त्यातले दोरे आणि प्लास्टिक आधी वेचून काढा.

सगळ्यात वर माती आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं, किमान सहा इंच. कडेला विटा सिमेंटशिवाय रचा, म्हणजे पाणी फटींतून निघतं. वर सुक्या पाल्याचं आच्छादन, आणि मुसळधार सरींत नारळाच्या झावळ्या.

गच्चीवर हे करायचं असेल तर थांबा. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक 875 दर चौरस मीटरला साधारण 150 किलो वापरभार, म्हणजे माणसं आणि सामानाचं वजन, धरतं. फूटभर ओली माती एकटीच 500 किलोच्या आसपास भरते. ओंडके तिथे नकोतच. बोटाएवढ्या काटक्या, चोथा आणि वर थोडी माती असा सात-आठ इंचांचा हलका थर घ्या, तोही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून.

पहिल्या पावसाळ्यात चवळी, काकडी, दोडका, अळू लावा. मुळा, गाजर नको. खाली काटक्या लागून मुळं वेडीवाकडी होतात. केळ, पपई तर मुळीच नको, कारण वाफा पहिल्याच वर्षी बराच खचतो आणि झाड कलंडतं. ऑक्टोबरमध्ये खचलेल्या जागी दोन-तीन इंच कंपोस्ट भरा, मग वांगी, मिरची लावा. आतले पांढरे धागे बुरशीचे असतात, ते लाकूड कुजवतात, त्यांना हात लावू नका. वर उगवलेल्या छत्र्या मात्र कोणीही खायच्या नाहीत, लहान मुलांवर विशेष लक्ष ठेवा.