पानंच पानं, कमळ कुठंय?

यावलकडचं हे अंगण. सिमेंटचा गोल टब, त्यात कमळाची पानं इतकी दाटलीत की खालचं पाणी दिसत नाही, आणि फूल एकही नाही. घरच्या काकू म्हणतात, "पाणी देते, खत देते, तरी नुसती पानंच येतात हो." जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही जा, घरी कमळ लावलेल्यांकडून हेच ऐकू येतं.

आता जरा वर बघा. ग्रीन नेट! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो म्हणून सगळ्या कुंड्यांसोबत कमळावरही नेट बांधलं जातं, आणि खरी अडचण तिथंच आहे. कमळाला रोज निदान सहा तास थेट ऊन पाहिजे. फूल काढणं त्याला फार महागात पडतं. उमललेलं कमळ चक्क स्वतः गरम होतं. अ‍ॅडलेडच्या बोटॅनिक गार्डनमधल्या फुलांवरचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बाहेर १० डिग्री असतानाही फूल आतून ३० च्या वर होतं. एवढी ताकद सावलीत कुठून साठणार? म्हणून नेट काढा. जपायचं असेल तर टबाला जपा, काळा प्लास्टिकचा असेल तर बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, आणि आटलेलं पाणी रोज संध्याकाळी भरून काढा.

दुसरी गोष्ट खताची. केळीचा पट्टा असल्यामुळे घरात युरिया असतोच, मग चिमूटभर टबातही पडतो. युरियात ४६ टक्के नत्र, त्यानं पानं माजतात आणि पाण्यात शेवाळ धरतं. डीएपी खतात नत्र १८ आणि स्फुरद (फॉस्फरस) ४६ टक्के, कळीला हे बरं, पण थोडंच, कागदाच्या पुडीत बांधून कंदापासून लांब मातीत खोल खुपसायचं, पाण्यात टाकायचं नाही. माती आपली काळी चिकट किंवा नाल्याचा गाळ, कोकोपीट नकोच, ते तरंगून वर येतं.

आणि हा टब रिकामा केला तेव्हा बघा काय निघालं, कंदांचा नुसता गुंता, एकावर एक, भिंतीला लागून गोल गोल फिरलेले. महाशिवरात्रीनंतर थंडी सरली की हे सोडवायचं आणि एका टबात एकच चांगला कंद ठेवायचा. हे पांढरट टोक दिसतंय ना, वाढ इथूनच होते, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. कंद आडवा, टोक किंचित वर, आणि मातीवर चारेक इंच पाणी. टब गोलच घ्या, चौकोनी टबात टोक कोपऱ्यात अडकून बसतं.

आधी रुपयाएवढी पानं पाण्यावर तरंगतील, मग दांड्यावर उभी पानं येतील. उभी पानं आल्याशिवाय कळीची वाट बघू नका. सगळं जमलं तर अखाजी (अक्षय्य तृतीया) ते पावसाळा या काळात उभ्या पानाच्या बुडाशी एक टोकदार कळी वर येते. ती दिसल्यावर लोक आनंदानं आणखी खत घालतात, प्लीज घालू नका, तेवढ्यानंही कळी काळी पडून जाते.

फूल तीन-चार दिवस टिकतं, रोज सकाळी उघडतं, पहिले दिवस दुपारनंतर मिटतं. पाकळ्या गळाल्या की दांडा कापायचा तर पाण्याच्या वरून कापा, आतून पोकळ असतो, पाणी शिरलं की कंद कुजतो.