थर कोसळल्यावर
(दृश्य: ठाणे, दहीहंडी, दुपार. सात थर लागतात, मनोरा डुलतो, कोसळतो.)

पुन्हा पाहा, सावकाश. सगळ्यांत वरचा पोरगा दोरीला सुखरूप लटकलाय. मार बसला तिसऱ्या थरातल्याला. मान वाकलेली, आणि तिच्यावर दोघांचं वजन.

आता घोळका धावतो. हातपाय धरून उचललं की डोकं मागे लोंबतं. मणका मोडलेला असेल, तर त्याच्या आतला मज्जारज्जू, म्हणजे मेंदूतून पाठीत उतरणारी मुख्य चेतादोरी, वाचला असला तरी इथे चिरडू शकतो. श्वास नीट चालू असेल, तर उचलायची घाई नको. पाणीही पाजू नका, अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जातं.

(दृश्य: मैदानावर सराव.)

जखमीला फळीवर घ्यायला पाच माणसं लागतात. डोक्याकडचा दोन्ही तळव्यांत डोकं धरतो, नाक बेंबीच्या रेषेत. इशारा फक्त त्याचा. तिघं एका बाजूला: खांदा, कंबर, गुडघे. "तीन" म्हणताच सगळं अंग एकदम कुशीवर. पाचवा पाठ चाचपतो, फळी सरकवतो. पट्टे आधी छातीला, कमरेला, पायांना, डोक्याला शेवटी. डोकं आधी बांधलं आणि धड घसरलं, तर मान पिळवटते. उलटी आली तर फळीसकट कुशीवर.

दहीहंडीला 2022 मध्ये साहसी खेळाचा दर्जा मिळाला. टी-शर्ट आणि बॅनर सगळीकडे दिसतात, फळी शोधावी लागते.

(दृश्य: अपघात विभाग.)

शुद्ध किती, त्याचे जास्तीत जास्त गुण: डोळे 4, बोलणं 5, हालचाल 6. ग्लासगोत 1974 साली ठरलेली मोजणी, एकूण 15. बेरीज 8 किंवा कमी, तर श्वासनलिकेत नळी. पण पंधरावालाही पुन्हा पुन्हा मोजायचा. कानशिलाच्या हाडाखालची धमनी फाटली, तरी काही वेळ तो नीट बोलू शकतो. मग ओकतो, पेंगतो, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. "दमलाय, झोपू दे" हे तेव्हाच कानावर येतं. लगेच सीटी स्कॅन, रक्ताची गाठ मोठी असेल तर कवटी उघडून ती काढणं.

मज्जारज्जूला मार असला की पाय हलत नाहीत, टोचलेलं कळत नाही. मार मानेजवळ असेल, तर रक्तदाब घसरूनही नाडी मंद, त्वचा उबदार. रक्तस्रावात सहसा नाडी धावते, अंग गार पडतं. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून पोटाची सोनोग्राफी होतेच. मज्जारज्जूवर दाब असेल, तर शस्त्रक्रिया शक्यतो 24 तासांत.

आणि ती फळी? रुग्णालयात पोचल्यावर लवकरात लवकर काढायची. बधिर पाठीवर कडक लाकडाची जखम होते. पुढे लघवीची नळी, व्यायाम. काहींचे पाय परत हलतात, काहींचे नाहीत. टाचा आणि माकडहाड रोज तपासायचं, कूस दर 2 तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा.