फी भरण्याआधी एकदा कपाटापाशी उभे राहा

(गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी मला फोनवर एकच विचारलंय, ‘सर, घरी बसून बी.लिब. केलं तर चालतं ना?’ म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी. चालतं. विद्यापीठ अनुदान आयोग ऑनलाइन आणि दूरस्थ पदवीला नियमित पदवीच्या बरोबरीची मानतो. अट एकच, मान्यता हवी. ती मिळते अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक. म्हणून आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे ‘डेब’च्या, यादीत नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून खूश होऊ नका, त्यापुढे तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं सत्र आहे का बघा. एजंटाने व्हॉट्सॲपवर धाडलेलं रंगीत पत्रक म्हणजे मान्यता नव्हे. प्रवेशाला लागणारे एबीसी आयडी (श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) आणि डेब आयडीही स्वतःच्याच मोबाइल नंबरावर काढा.

कुठल्याही पदवीनंतर साधारण वर्षभराचं बी.लिब., त्यानंतर एम.लिब. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं असेल तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, एवढं आत्ताच डोक्यात ठेवा. परीक्षेचं केंद्र कुठं पडतं तेही विचारा. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, प्रादेशिक केंद्र गोव्यात आहे, सगळ्याच विद्यापीठांची तशी सोय नसते.

आता खरी गोष्ट. पडद्यावर सगळं शिकता येतं, वर्गीकरण सोडून. वर्गीकरण म्हणजे पुस्तकाला विषयाप्रमाणे आकडा, म्हणजे वर्गांक, देणं. म्हणजे कळतं, पण हातात बसत नाही. ड्युई दशांश पद्धत १८७६ची. तिच्यात ८०० म्हणजे साहित्य, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, पुढे ३ लावला की मराठी कादंबरी, ८९१.४६३. आणि कोकणी? ८९१.४६९. म्हणजे ड्युईच्या हिशेबात कोकणी मराठीच्या पोटात! (हशा) माझ्यावर धावून येऊ नका, हे आकडे मी बसवलेले नाहीत. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, तरी हा आकडा काही मराठीच्या घरातून बाहेर पडला नाही.

तर कोकणी कादंबरी होते ८९१.४६९३. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून त्यातला ९ सुटला. झालं, पुस्तक मराठी कादंबऱ्यांत जाऊन बसलं. एक आजोबा तीनदा मागायला आले, तीनदा मी ‘बाहेर गेलंय’ म्हणालो. सापडलं तेव्हा कडेला कसर लागली होती. आजोबा तोवर यायचे बंद झाले होते. असली चूक स्वाध्यायात केली तर एक गुण जातो, तेवढंच.

म्हणून फी भरण्याआधी जवळच्या वाचनालयात जाऊन विचारा, ‘आठवड्यातून दोन तास मला कामाला घ्याल का?’ पणजीला जाता येत असेल तर कदंबाच्या बसस्टँडवर उतरून पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२पासूनची ही परंपरा. तिथं एक दिवस नुसतं पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे वाचत फिरा.

घरी कोहा शिका, ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी १९९९मध्ये ते बनवायला घेतलं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही प्रणाली टाका, त्यावर कोहा बसवा आणि घरातली ५० पुस्तकं नोंदवा, अगदी पंचांगासकट. मुलाखतीत पदवी सगळ्यांकडेच असते, ‘मी कोहा बसवलंय’ म्हणणारा एखादाच निघतो.

स्वाध्याय शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. इकडे पावसात वीज गेली की कधी येईल ते वीज खात्यालाही ठाऊक नसतं, आणि चवथीच्या आठवड्यात घरात कोण कुणाला अभ्यास करू देतो?

ह्याच वाचनालयात ओल लागलेली शंभरेक पुस्तकं मागच्या खोलीत पसरून ठेवलीयत. येत्या रविवारी ती कोरड्या ब्रशने झाडून वर्गांक घालायचे आहेत. ओलं फडकं कुणी आणू नका, बुरशी पसरते. नाकातोंडाला बांधायला रुमाल मात्र आणा. वही फिरवतोय, यायचं असेल त्यांनी नाव लिहा.